भीड चेपण्याविषयी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. वर्गात आठ-दहा भाषा बोलणारी मुले-मुली आहेत, विद्यापीठाच्या माहितीपत्रकात त्याचे कौतुकही छापलेले आहे, पण भोजनगृहात पाहावे तर जो तो आपापल्या भाषेच्या टेबलावर, आणि मीही तिथेच, असे तू लिहिले आहेस. ‘मीही तिथेच’ हे शब्द तुला सहज गाळता आले असते. ते गाळले नाहीत, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

कंपू करून बसण्याबद्दल स्वतःला बोल लावू नकोस, कारण ही खोड विद्यापीठांइतकीच जुनी आहे. मध्ययुगीन पॅरिसच्या विद्यापीठातील कलाशाखा फ्रेंच, पिकार्ड, नॉर्मन आणि इंग्लिश अशा चार ‘राष्ट्रां’त विभागलेली होती. बोलोन्यात आल्प्सच्या अलीकडून आलेल्यांचा एक संघ आणि पलीकडून आलेल्यांचा दुसरा. त्या शहरात परक्या विद्यार्थ्यांना नागरिकांचे हक्क नव्हते, त्यामुळे आपल्या माणसांचा आसरा धरणे ही त्यांची गरजच होती. आज कायदा पाठीशी असला, तरी नव्या जागी आल्यावर कधी हसायचे, कधी गप्प बसायचे, शिक्षकांना काय म्हणून हाक मारायची, या ओळखीच्या खुणा एकदम नाहीशा होतात. कालेर्वो ओबर्ग या मानवशास्त्रज्ञाने १९६० साली याच अवस्थेचे ‘सांस्कृतिक धक्का’ या नावाने विवेचन केले होते. तेव्हा आपल्या भाषेचे टेबल हवेच. फक्त ते विसाव्याचे ठिकाण राहावे, तिथेच मुक्काम पडू नये.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते. सांस्कृतिक महोत्सव, वेशभूषा आणि माहितीफलक यांनी एकमेकांची ओळख होते का, असे तू विचारले आहेस. थोडीफार होते. परंतु थॉमस पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप या अभ्यासकांनी २००६ साली निरनिराळ्या समूहांच्या परस्परसंपर्कावरील ५१५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशा संपर्काने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे कमी होतात, असे त्यांना आढळले. आणि ते कसे कमी होतात, याचा पुढे २००८ साली शोध घेताना त्यांना असे दिसले की, दुसऱ्या समूहाविषयीची माहिती वाढण्यापेक्षा त्याच्याशी वागताना वाटणारी धाकधूक कमी होणे आणि त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहता येणे, यांचा वाटा अधिक मोठा असतो. आपल्याकडे याला ‘भीड चेपणे’ असा नेमका शब्दप्रयोग आहे. माहितीफलक वाचून ज्ञान वाढेल, पण भीड चेपायची तर एकत्र काम करावे लागते.

तेही कसेही करून चालत नाही. संपर्काने पूर्वग्रह कमी व्हायचे तर काय हवे, याच्या चार अटी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच सांगितल्या होत्या: दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते गाठण्यासाठी एकमेकांची गरज पडायला हवी आणि वरिष्ठांचा या सगळ्याला पाठिंबा हवा. यातील पहिली अट गटप्रकल्पात कशी मोडते, ते मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. पाच जणांचा गट बसतो, वेळ थोडा असतो, ज्याला वर्गाची भाषा फर्डी येते तो विषय ठरवतो, दुसरा त्याला दुजोरा देतो, आणि ज्याचे उच्चार वेगळे आहेत त्याच्या वाट्याला स्लाइड टंकित करण्याचे काम येते. कोणी दुष्टपणा केलेला नसतो. गटाचे काम वेळेवर होते, गुणही चांगले मिळतात, आणि एक माणूस सहा महिने गटात असूनही गटाबाहेर राहतो.

यामागे कधीकधी अगदी क्षुल्लक कारण असते. भाषेच्या अभ्यासक टान्या स्टायव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दहा भाषांतील प्रश्नोत्तरे मोजून पाहिली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतची विश्रांती सगळीकडे अत्यल्पच असते आणि प्रत्येक भाषेची सरासरी सगळ्या भाषांच्या एकत्रित सरासरीपासून साधारण पाव सेकंदाच्या आतच राहते, असे त्यांना दिसले. मात्र कानाला तेवढाही फरक जाणवतो. त्यात जो परक्या भाषेत वाक्य जुळवतो आहे, त्याला आणखी दोन क्षण लागतात, आणि तेवढ्यात दुसरा कोणी बोलून मोकळा होतो. म्हणून तुझ्या गटात प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात चारपर्यंत मोजून पाहा. पहिल्यांदा ती शांतता अवघड वाटेल. बहुधा तिसऱ्या बैठकीत स्लाइडवाला बोलू लागेल.

बोलू लागल्यावर मात्र त्याला त्याच्या देशाचा वकील करू नकोस. ‘तुमच्याकडे लोक असे का करतात?’ या प्रश्नाचे उत्तर तुला तरी स्वतःच्या लोकांबद्दल देता येईल का? ‘तुझ्या घरी काय करायचे?’ असे विचार. त्याचे उत्तर त्याच्यापाशी नक्की असते.

नावांच्या बाबतीत मी स्वतः चुकले आहे. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या नावातले जोडाक्षर माझ्या जिभेवर बसेना, म्हणून दुसऱ्याच तासाला मी त्याच्या पहिल्या दोन अक्षरांवर काम भागवले. तो हसला, आणि त्याला चालते असे मी गृहीत धरले. दोन वर्षांनी पदवीदान समारंभात त्याचे संपूर्ण नाव नीट उच्चारून पुकारले गेले, तेव्हा क्षणभर हा माझाच विद्यार्थी आहे हे मला ओळखता आले नाही. मंचावर जाताना तो वर्गात हसायचा त्याहून निराळे हसत होता.

एक सावधगिरीची गोष्ट. सगळेच गैरसमज नसतात. कोणाच्या उच्चाराची, रंगाची किंवा श्रद्धेची मुद्दाम टिंगल होत असेल, तर तो अपमान आहे आणि त्यासाठी विद्यापीठात तक्रारीची सोय असते. परंतु तक्रार करण्याआधी ज्याचा अपमान झाला त्याला एकट्याला गाठून काय हवे ते विचार. त्याच्या वतीने लढायला निघालेले पुष्कळ जण त्याला विचारायचेच विसरतात.

तुझा गटप्रकल्प पुढच्या आठवड्यात सुरू होतो, असे तू लिहिले आहेस. पहिल्या बैठकीचे इतिवृत्त कोणी लिहिले आणि दुसऱ्या बैठकीचे कोणी, एवढे मला पुढील पत्रात कळव. आणि गटातील चौघांची पूर्ण नावे लिही, त्यांच्याच तोंडून ऐकून.

तुझी,
बाई