सूज कुठली आणि गोळी कुठली

प्रश्न : माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. नणंदेनं व्हॉट्सअॅपवर पाठवलंय, की हा आजार म्हणजे मेंदूतल्या ग्लियल पेशींना (चेतापेशींना आधार देणाऱ्या) आलेली सूज. गुडघा सुजला की त्या आयबुप्रोफेन घेतात, आराम पडतो. तीच गोळी रोज दिली तर डोक्याची सूजही उतरेल ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, रोज देऊ नका. या वयात त्या गोळीनं जठरातून रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडं बिघडू शकतात. गुडघ्यासाठीसुद्धा किती दिवस द्यायची, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

मेसेज अगदीच थापा नाही, पण 'सूज' या शब्दानं घोटाळा केलाय. एमआरआयमध्ये त्यांचा मेंदू फुगलेला नाही, आकसलेलाच दिसेल. इथं चाललेला असतो तो पेशींच्या पातळीवरचा दाह.

मी २८ वर्षं पॅथॉलॉजी शिकवली. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या स्लाइडवर मायक्रोग्लिया, म्हणजे ग्लियल पेशींचाच एक प्रकार, नुसती बारीक, वाकडी काडी दिसते. पोरं हमखास सोडून द्यायची. चांदीच्या क्षारांनी रंगवलं की त्याच काडीला काटेरी फांद्या फुटलेल्या दिसतात. या पेशींची ओळख १९१९ साली स्पेनच्या रिओ-ऑर्तेगानं पटवली, तीही चांदीमुळेच. अल्झायमरच्या मेंदूत त्या अमायलॉइड या साचलेल्या प्रथिनाच्या डागाला कडं करून बसलेल्या असतात, सांडलेल्या साखरेभोवती मुंग्या जमाव्यात तशा. खुद्द अलॉइस अल्झायमरनंही १९०७ च्या टिपणात ग्लियातले बदल नोंदवले होते. पुढं मात्र बराच काळ सगळ्यांचं लक्ष चेतापेशींवरच राहिलं; 'ग्लिया' म्हणजे ग्रीकमध्ये डिंक, आणि डिंकाला कोण विचारतो?

मायक्रोग्लियाचं काम साफसफाईचं. कचरा वर्षानुवर्षं हटेना, की त्या चिडलेल्याच राहतात आणि त्यांनी सोडलेली रसायनं निरोगी चेतापेशींनाही भोवतात. मग त्यांना गप्पच का करू नये? कारण साफसफाई ढिली पडली तरी नुकसानच. २०१३ मध्ये ट्रेम-२ या जनुकातला एक दुर्मीळ बदल सापडला. हे जनुक मायक्रोग्लियाच्या कामाचं, आणि तो बदल असलेल्यांना अल्झायमरचा धोका साधारण तिप्पट.

तुमच्या मनात आलेली शंका शास्त्रज्ञांनाही आली होती. अमेरिकेत २००१ पासून अडीच हजार ज्येष्ठांवर चाचणी झाली. नेप्रॉक्सेन आणि सेलेकॉक्सिब, दोन्ही सूज उतरवणारी औषधं. हृदयाला धोका होईल या शंकेनं २००४ च्या डिसेंबरात गोळ्या थांबवल्या. नंतरही त्या लोकांवर लक्ष ठेवलं, पण अल्झायमर टळल्याचं काही दिसलं नाही.

एक दाह मात्र खरंच आपल्या हातात असतो. माझ्या आईलाही स्मृतिभ्रंश होता. एका गणपतीत ती दोन दिवसांत इतकी बिथरली, की मला 'भाऊजी, बसा' म्हणाली आणि रात्रभर दाराची कडी काढत राहिली. आजार वाढला, असं मी – डॉक्टर असून! – धरून चाललो. ताप नव्हता, लघवीची तक्रार नव्हती. धाकट्या बहिणीनं हट्टानं लघवी तपासून घेतली, तर जंतुसंसर्ग निघाला. शरीरातल्या संसर्गाचे संदेश मेंदूपर्यंत जातात आणि आधीच चिडलेला मायक्रोग्लिया आणखी भडकतो. औषध सुरू झाल्यावर आठवड्याभरानं तिनं मला नावानं हाक मारली.

म्हणून सासूबाई एक-दोन दिवसांत अचानक बदलल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. लघवी, छाती, पोट साफ होतंय का, नवीन गोळी कुठली सुरू झाली, सगळं बघायला सांगा.

हळदीच्या दुधाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण नणंदेचा पुढचा मेसेज तोच असणार. आवडत असेल तर पिऊ द्या.