वाचक विचारतात: इलेक्ट्रॉन काढून मिळतं काय?

प्रश्न: अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे कणांची टक्कर एवढंच माहिती होतं. पण तिथे युरेनियमसारख्या जड अणूंचे इलेक्ट्रॉन काढून नुसते आयन फिरवतात म्हणे. त्याला एवढं मोठं मशीन कशाला, आणि हाती काय लागतं?

उत्तर: बाहेरचे इलेक्ट्रॉन पटकन निघतात हो, खरी गोची शेवटच्याची. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन 13.6 इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये (हे ऊर्जेचं एकक) सुटतो, युरेनियमचा शेवटचा सोडवायला जवळपास 1 लाख 32 हजार लागतात! म्हणून जर्मनीत डार्मश्टाटच्या जीएसआय या प्रयोगशाळेत आयनांना आधी प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेग देतात, मग पातळ फॉइलमधून आरपार सोडतात आणि उरलेले इलेक्ट्रॉन तिथे झडतात. पुढे ते ईएसआर नावाच्या 108 मीटर घेराच्या रिंगमध्ये फिरत राहतात. तिथला व्हॅक्यूम एकदम कडक लागतो, कारण वाटेत गॅसच्या एखाद्या रेणूचा इलेक्ट्रॉन आयनाने उचलला की त्याचा चार्ज बदलला, आणि चार्ज बदलला की मॅग्नेट त्याला वेगळंच वळवणार, गेला कामातून.

आता मिळतं काय. 91 इलेक्ट्रॉन काढलेलं युरेनियम हिशोबाला हायड्रोजनसारखंच सोपं, एक केंद्रक एक इलेक्ट्रॉन, फक्त विद्युत क्षेत्र प्रचंड. हायड्रोजनमध्ये लॅम्ब शिफ्ट, म्हणजे ऊर्जापातळीचं ते बारीकसं सरकणं, इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या लाखाव्या भागात मोजावं लागतं, इथे ते 460 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास जातं. म्हणजे क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्सची, इलेक्ट्रॉन आणि प्रकाश यांचं नातं सांगणाऱ्या सिद्धांताची, खरी परीक्षा इथेच.

पण मला विचाराल तर सगळ्यात भारी गोष्ट डिस्प्रोशियम-163 या अणूची. एरवी हा स्थिर, कधीच क्षय पावत नाही, कारण बीटा क्षयात, म्हणजे केंद्रकातल्या न्यूट्रॉनचा प्रोटॉन होऊन नवा इलेक्ट्रॉन तयार होतो तेव्हा, तो इलेक्ट्रॉन बाहेर टाकायला लागणारी ऊर्जाच त्याच्याकडे नाही. सगळे इलेक्ट्रॉन काढले की आतली कक्षा रिकामी होते, नवा इलेक्ट्रॉन बाहेर न जाता तिथेच बसतो, त्यात ऊर्जा वाचते आणि तेवढ्यावर डिस्प्रोशियमचं होल्मियम होतं. ईएसआरमध्ये हे 1992 मध्ये मोजलं, अर्धायुष्य, म्हणजे निम्मी केंद्रकं क्षय पावायला लागणारा काळ, फक्त 47 दिवस. रेनियम-187 चं तर अजूनच टोकाचं, साध्या अणूचं अर्धायुष्य 4 हजार कोटी वर्षांच्या वर आणि नागड्या केंद्रकाचं 33 वर्षं! या रेनियमवरून आकाशगंगेचं वय काढतात, आणि ताऱ्यांच्या पोटातल्या उष्णतेत त्याचे इलेक्ट्रॉन सुटतातच, त्यामुळे तो हिशोब करताना क्षयाचा हा वाढलेला वेगही धरावा लागतो.