टाके निघाले, जखम भरली, मग करंगळी अजून बधिर का?

नसेचं ऑपरेशन झालेल्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. ज्याचं पोटच हातावर आहे, त्याच्या मनात पुढचाही एक प्रश्न असतो, ऑपरेशन फसलं तर नाही ना? त्यावर नुसतं ‘धीर धरा’ म्हणून भागत नाही, म्हणून समुपदेशक या नात्याने पाहिलेली ही एक केस सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पस्तिशीचा तरुण. गिटार शिकवायचा आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवायचा. डाव्या हाताच्या दबलेल्या दोन नसा ऑपरेशनने एकदमच मोकळ्या केल्या होत्या, मनगटातल्या अरुंद बोगद्यातली (कार्पल टनेल) आणि कोपरातल्या तशाच बोगद्यातली (क्युबिटल टनेल). मनगटाचा निकाल लवकर लागला, अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांच्या रात्रीच्या मुंग्या थांबल्या. अनामिका आणि करंगळी मात्र चार महिन्यांनंतरही बधिर. सर्जनच्या मते सगळं ठीक चाललं होतं, पण ह्याची झोप उडाली होती.

बोलता बोलता तो उजव्या हाताच्या नखाने डाव्या करंगळीचं टोक टोचत होता. “असं दिवसातून किती वेळा करता?” मी विचारलं. “मोजत नाही, मॅडम.” सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, गिटार काढून एफचा बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा कॉर्ड) धरून बघायचा. तार फडफडली की त्याचा दिवस गेलाच. रात्री परत तेच.

मी त्याला मोजायची टेप दिली आणि कोपराच्या आतल्या हाडापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजायला सांगितलं. 40 सेंटिमीटर भरलं. नसेच्या आतला तंतू मेला असेल, तर नवा तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. म्हणजे चार महिन्यांत 12 सेंटिमीटर. मनगटसुद्धा आलेलं नाही, आणि हा रोज सकाळी करंगळीकडे हिशोब मागतोय! नस नुसती दबलेली असेल तर काही आठवड्यांतही फरक पडतो. वर्षानुवर्षं दबून राहिली असेल तर कधी कधी पूर्ण जाण परत येत नाही, हेही मी लपवलं नाही. त्याची नस यातली कुठली, हे सर्जनला विचारायचं होतं. पुढच्या भेटीत त्याने विचारलं. सर्जनने नसेवरून टिचक्या मारत मुंग्या कुठे उठतात ते दाखवलं. ती जागा आधीच्या तपासणीपेक्षा खाली सरकली होती. त्या संध्याकाळी म्हणे तो पोटभर जेवला.

रोजची परीक्षा आम्ही बंद केली. परीक्षा पंधरा दिवसांतून एकदाच, फिजिओथेरपिस्टसमोर, पकड मोजायच्या यंत्रावर, आणि आकडा वहीत लिहायचा. घरी गिटार घ्यायची ती सरावाला, तीही फिजिओने दिलेली पाच मिनिटंच. तारा पातळ, गिटारच्या गळ्यावरच्या पाचव्या पट्टीवर (फ्रेट) कॅपो, म्हणजे तारा दाबून ठेवणारा चिमटा, बार कॉर्डला बंदी, मुंग्या सुरू झाल्या की गिटार खाली. कोपर दुमडलेलं राहिलं की ही नस ताणली जाते आणि गिटार वाजवताना डावं कोपर दुमडलेलंच असतं. म्हणून मधे मधे हात सरळ करायचा आणि झोपताना कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळायचा.

येईल तो त्याला प्रसिद्ध गिटारवादक जँगो राइनहार्टचा किस्सा ऐकवायचा. 1928 साली आगीत डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली, तरी उरलेल्या दोन बोटांवर सोलो वाजवून तो जगप्रसिद्ध झाला. किस्सा खरा आहे, पण कृपा करून पेशंटला सांगू नका. जँगोला नक्की काय गेलं ते कळलं होतं. ह्याला तेच कळत नव्हतं, आणि टांगणीला लागलेल्या माणसाला असे किस्से टोमण्यासारखे लागतात.

बायकोला बोलावल्यावर खरी भीती बाहेर आली. घराचा हप्ता. “हे शिकवण्या का घेत नाहीत?” तिने मलाच विचारलं. विद्यार्थ्यांसमोर अर्धवट हाताने बसायची लाज वाटत होती. शेवटी त्याने उजव्या हाताचं स्ट्रमिंग (तारा छेडणं) आणि कानाने कॉर्ड ओळखणं एवढ्यावरच वर्ग सुरू केले. मुलांचा ताल सुधारला, असं तो कौतुकाने सांगतो. (बहुतेक शिक्षक हा भाग उरकून टाकतात, असं त्याचंच मत.)

वर्ष होत आलं तेव्हा अनामिकेला चहाचा गरम ग्लास कळायला लागला होता. करंगळी अर्धीमुर्धी जागी आहे. एखाददुसरं गाणं बार कॉर्डसकट निभतं, रात्रभराचे कार्यक्रम तो अजून घेत नाही.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. जखम लाल होऊन सुजली, पू किंवा ताप आला, दुखणं एकाएकी वाढलं, आधी होणारी हालचाल कमी झाली किंवा करंगळी-अनामिका आत वळू लागल्या, तर आमच्यासारख्यांची अपॉइंटमेंट घेत बसू नका. त्याच दिवशी सर्जनला फोन करा.