वाचक विचारतात : आधी मायना वाचा

मागच्या अंकात मी ओघात एक ओळ लिहून गेलो होतो. इकडं १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह झाला, त्याच वर्षी तिकडं अमेरिकेत इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्याचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन छावणीत बसून पत्रांमागून पत्रं लिहीत होता. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आले की या खेपेला मोडीचे, फेरफाराचे आणि वंशावळीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नये.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी वॉशिंग्टनची युद्धकाळातली पत्रं घेतली आहेत. एका पत्रात तो अगदी खंबीर वाटतो, तर दुसऱ्यात पार खचलेला. खरा कोणता धरायचा? — एक विद्यार्थिनी, सेलू

उत्तर : बाळ, तू मजकुरापासून सुरुवात केलीस, तिथंच गोंधळ झाला. मोडी शिकवताना माझी पहिली अट असते, आधी मायना वाचायचा. पत्र कुणी, कुणाला, कुठल्या मुक्कामाहून लिहिलंय ते कळल्याशिवाय पुढं जायचं नाही. सावकाराला लिहिलेलं पत्र आणि मेव्हण्याला लिहिलेलं पत्र एकाच हातचं असलं, तरी त्यातला माणूस वेगळा असतो.

सप्टेंबर १७७६ घे. ऑगस्टच्या शेवटी ब्रुकलिनला मार खाल्लेला, न्यूयॉर्क शहर हातचं गेलेलं, आणि फौज हार्लेमच्या टेकाडांवर सरकलेली. तिथून २५ सप्टेंबरला त्यानं काँग्रेसच्या अध्यक्षाला, जॉन हॅनकॉकला, लांबलचक पत्र लिहिलं. (काँग्रेस म्हणजे तिथल्या तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा. आपल्या डोक्यात लगेच दुसरीच येते.) पत्रात सगळा कामाचा मजकूर आहे. थोड्या मुदतीसाठी भरती केलेल्या शिपायांवर लढाई चालत नाही, कायम फौज पाहिजे, अधिकाऱ्यांना नीट पगार पाहिजे. गावोगावच्या हंगामी शिपायांवर भिस्त ठेवणं म्हणजे मोडक्या काठीवर भार टाकणं, असं तो लिहितो. हिशेब मांडल्यासारखं पत्र आहे, कुठंही आवाज चढलेला नाही की कापलेला नाही.

पाचच दिवसांनी, ३० सप्टेंबरला, त्यानं लंड वॉशिंग्टनला लिहिलं. लंड त्याचा भाऊबंद, घरची शेतीवाडी सांभाळणारा. त्याला तो सांगतो की एखाद्या वैऱ्याला जगातला सगळ्यात वाईट शाप द्यायचा झाला, तर मी त्याला माझ्या जागेवर आणून बसवीन. जन्मात इतका दुःखी, इतका दुभंगलेला कधी नव्हतो, म्हणतो. मी पडलो तर ही हकिगत लोकांना कळावी, माझ्या नावाला न्याय मिळावा, तोवर हे तुझ्याजवळच राहू दे.

आणि मग, त्याच पत्रात, घराच्या बांधकामाकडं वळतो. माऊंट व्हर्नन या त्याच्या घराला नवं दालन जोडायचं काम चाललं होतं. नव्या दालनातलं धुराडं बरोब्बर मधोमध आलं पाहिजे, दारं आणि बाकीचं सगळं त्याच्या जोडीला सारखं बसलं पाहिजे, काम उस्तादाच्या हातचं दिसलं पाहिजे. समोर शत्रू, फौज पळ काढणारी, आणि हा शेकडो कोसांवरून भिंतीचा मध्य मोजतोय! मला हा माणूस पहिल्यांदा इथं भेटला. त्याआधी तो फक्त डॉलरच्या नोटेवर होता.

तेव्हा खरा कोणता, असं विचारू नकोस. काँग्रेसपुढं खचून चाललं नसतं, आणि भावापुढं खंबीर राहायची गरज नव्हती. दोन्ही पत्रं खरी आहेत.

याच लंडचं एक पत्र मात्र प्रकल्पात घेच. १७७५ च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर डनमोर यानं जाहीर केलं, की बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूनं लढायला येतील ते मोकळे. माऊंट व्हर्ननचं घर आणि शेत गुलामांच्या कष्टावरच चालत होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला लंड यानं वॉशिंग्टनला कळवलं, की सुटता येईल अशी खात्री पटली तर यातला जवळजवळ एकही माणूस इथं राहणार नाही. पुढं तीनच शब्द लिहिले, स्वातंत्र्य गोड असतं. स्वातंत्र्याची लढाई लढणाऱ्या सेनापतीला त्याच्याच कारभाऱ्यानं हे लिहावं! मार्गदर्शक नको म्हणाले तरी घे.

आणखी एक. बरीच पत्रं त्याच्या हातची नाहीत. आपल्याकडं चिटणीस असत, तसे त्याच्याजवळ लिहिणारे मदतनीस होते. टेंच टिलमन होता, रॉबर्ट हॅरिसन होता, मार्च १७७७ पासून अलेक्झांडर हॅमिल्टन होता. वॉशिंग्टन मसुदा सुधारायचा आणि खाली सही करायचा. म्हणून भाषेवरून स्वभाव काढायला जपून जा. कागदांची किंमत मात्र त्याला पक्की ठाऊक होती. १७८१ मध्ये, लढाई संपायच्या आधीच, रिचर्ड व्हॅरिक नावाच्या अधिकाऱ्याला बसवून त्यानं सगळ्या पत्रांच्या स्वच्छ नकला करवून घेतल्या. ४४ बांधीव वह्या भरल्या. आणि त्या लावायला कशा सांगितल्या? पत्र कुणाला गेलं त्यावरून. काँग्रेसची वेगळी, फौजेतल्या अधिकाऱ्यांची वेगळी, शत्रूकडची वेगळी. मोडीच्या वर्गात हे सांगितलं की पोरं माझ्या तोंडाकडं बघतात, सर, हा तर तुमचाच नियम.

मूळ कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, सुमारे ७७ हजार, आणि मोबाइलवर फुकट दिसतात. नुसती छापील प्रत वाचू नकोस, मूळ पान उघडून अक्षर बघ.

प्रश्न : पाकिटावर नाव नीट लिहिलं नाही म्हणून वॉशिंग्टननं शत्रूचं पत्र परत पाठवलं, हे खरं आहे का? की फुगवलेली गोष्ट? — एक निवृत्त अव्वल कारकून, निलंगा

उत्तर : खरी आहे, आणि तुमच्या खात्यातल्या माणसालाच ती नीट कळेल.

सुरुवात आदल्या वर्षीच झाली होती. ऑगस्ट १७७५ मध्ये बोस्टनमधल्या कैद्यांना वाईट वागवलं जातंय म्हणून वॉशिंग्टननं इंग्रज सेनापती गेजला लिहिलं. गेजनं उलट टपाली कळवलं की कैद्यांत मी हुद्द्याचा भेद करत नाही, कारण जो हुद्दा राजाकडून आलेला नाही तो मी हुद्दाच मानत नाही. त्यावर वॉशिंग्टननं उत्तर दिलं की शूर आणि स्वतंत्र लोकांनी निवडून दिलेल्या हुद्द्याहून मोठा हुद्दा मला तरी माहीत नाही. आणि हे लिहिताना त्याच्याजवळ दारूगोळा किती होता? त्याच महिन्यात ४ तारखेला त्यानंच हॅनकॉकला कळवलं होतं, माणशी नऊ बारांपेक्षा जास्त नाही. रिकाम्या बंदुकीवर एवढा ताठा!

मग १४ जुलै १७७६. न्यूयॉर्कच्या बंदरात इंग्रज दर्यासारंग लॉर्ड हौचं आरमार उभं. पांढरं निशाण लावून एक अधिकारी होडीतून पत्र घेऊन आला. वर नाव होतं, जॉर्ज वॉशिंग्टन एस्क्वायर. म्हणजे साधारण आपलं रा. रा. सेनापती नाही, हुद्दा नाही, कुणीही गावातला प्रतिष्ठित गृहस्थ असावा तसं. वॉशिंग्टनचा अधिकारी जोसेफ रीड यानं ते हातातच घेतलं नाही. या पत्त्याचा माणूस आमच्या फौजेत नाही, म्हणून सांगितलं.

२० जुलैला इंग्रजांकडून कर्नल पॅटरसन भेटायला आला. पाकिटावर आता नावापुढं तीनदा ‘वगैरे’ जोडलेलं. ‘वगैरे’त सगळंच येतं की, अशी त्याची मखलाशी. वॉशिंग्टन म्हणाला, सगळं येतं हे खरं, आणि वाटेल तेही येतं. पत्र घेतलं नाही. गंमत अशी की पॅटरसन तोंडानं त्याला सारखा ‘एक्सलन्सी’ म्हणत होता. तोंडी चालतं, कागदावर चालत नाही. कागद दप्तरात राहतो ना!

आपल्या पेशव्यांच्या दप्तरात ‘राजश्रिया विराजित’ कुणाला आणि नुसतं ‘राजश्री’ कुणाला, यावरून माणसाची पायरी कळते. मी स्वतः एकदा एका कार्यालयात जुन्या नकलेचा अर्ज दिला. वर फक्त हुद्दा लिहिला होता, ‘माननीय’ राहिलं. समोरच्यानं मायन्यावर टिचकी मारून कागद माझ्याकडं सरकवला. तीन खेटे पडले. तेव्हा फार चिडलो होतो. आता वाटतं, त्या माणसाला हौच्या होडीसमोर उभं करायला हरकत नव्हती.

प्रश्न : बायकोला लिहिलेली पत्रं का मिळत नाहीत? — एक गृहिणी, पैठण

उत्तर : तिनं जाळली. मार्था वॉशिंग्टननं मरणाआधी नवराबायकोमधली जवळजवळ सगळी पत्रं आगीत टाकली. जी मोजकी वाचली त्यात जून १७७५ ची दोन आहेत. ती तिच्या लिहायच्या मेजात राहून गेली होती.

१८ जूनचं पत्र जरूर वाचा. काँग्रेसनं त्याला सेनापती नेमून तीन दिवस झालेत. फिलाडेल्फियाहून तो तिला कळवतो, मी ही जागा मागून घेतली नाही, नाकारणं हातात नव्हतं. शरद ऋतूत परत येईन म्हणतो. मृत्युपत्राचा मसुदा करून घेतलाय, तेही सांगतो. आणि शेवटी ताजा कलम, तुझ्यासाठी मलमलीचे दोन जोड घेतलेत, सगळ्यात सुंदर म्हणून दाखवली तीच, तुला आवडो, आणि लगेच भाव, २० शिलिंग वार. मृत्युपत्र आणि मलमल एकाच कागदात. तो त्या शरदात परतला नाही. घरी पाऊल टाकलं ते थेट सप्टेंबर १७८१ मध्ये, तेही यॉर्कटाउनच्या लढाईला जाताना वाटेवर. हिवाळ्यात मार्थाच छावणीत जाऊन राहायची.

माझे वडील लष्करात होते. त्यांच्या तेराव्यानंतर आईनं ट्रंक उघडली आणि तिच्या नावाची सगळी पत्रं पाणी तापवायच्या बंबात घातली. मी शेजारी उभा होतो. कागद जुना, पटकन पेटायचा. मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही. त्या पाण्यानं आम्ही अंघोळी केल्या.

एक राहिलं. फोटोच्या चौकटीत पुठ्ठा कमी पडला म्हणून कुणीतरी मागं घातलेलं, १९७१ चं आंतर्देशीय. ते आजोबांच्या नावे आहे, ‘ती. दादांस’. लढाईचा एक शब्द नाही. विहिरीच्या थारोळ्याचा दगड निसटलाय तो पावसाआधी बसवून घ्या, आणि ‘घरात सांगावे, काळजी करू नये’. घरात म्हणजे आई. तिच्या वाट्याला आलेली तेवढी एक ओळ शिल्लक आहे.

प्रश्न : वॉशिंग्टननं बायकोला लिहिलेलं, ‘हे बंड मला मनातून पटत नाही’ अशा अर्थाचं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. — किनवट

उत्तर : पुढं पाठवू नका. १७७७ मध्ये लंडनला त्याच्या नावानं पत्रांची एक पुस्तिका छापली गेली. त्याचा नोकर बिली शत्रूच्या हाती लागला आणि त्याच्याजवळ ही सापडली, अशी बतावणी. बिली पकडला गेलाच नव्हता. पत्रं साफ बनावट, पण ती अनेक वर्षं त्याला पिडत राहिली. तुमचं पत्र त्याच घराण्यातलं दिसतं.

प्रश्न : हा प्रश्न तुमच्या विषयात बसतो की नाही, माहीत नाही. भागीदारीत दुकान आहे. भागीदारानं तिसऱ्याच माणसासाठी लिहिलेला मेसेज चुकून माझ्याकडं आला. मजकूर माझ्याबद्दल, आणि चांगला नाही. पंधरा दिवस झाले, मी गप्प आहे. काय करू? — एक व्यापारी, हिंगोली

उत्तर : तंतोतंत बसतो.

मघाशी ज्यानं पत्र हातात घेतलं नाही तो जोसेफ रीड वॉशिंग्टनचा अगदी जवळचा माणूस. नोव्हेंबर १७७६ मध्ये अमेरिकनांचा फोर्ट वॉशिंग्टन हा किल्ला पडला, त्यांची अडीच हजारांवर माणसं कैद झाली. रीडनं गुपचूप त्याच फौजेतल्या जनरल चार्ल्स लीला लिहिलं की आपल्या सेनापतीचं मन ठरत नाही, त्यानं घात होतोय. लीनं तसंच तिखट उत्तर धाडलं. रीड बाहेरगावी होता. ३० नोव्हेंबरला जासूद ते पाकीट घेऊन आला. सरकारी काम असेल म्हणून वॉशिंग्टननं फोडलं आणि वाचलं.

त्यानं ते रीडकडं पाठवून दिलं, सोबत चार ओळी. हे खाजगी आहे याची कल्पना नव्हती म्हणून उघडलं गेलं. ज्या कामाला गेलात त्यात यश येवो. वहिनींना नमस्कार सांगा. बस्स! कल्पना करा, ते वाचताना रीडचं काय झालं असेल.

पण पुढं जून १७७७ मध्ये त्यानं रीडला मनातलं लिहिलं. वाईट वाटलं ते माझ्या निर्णयाला नावं ठेवली म्हणून नाही, तेच मला तोंडावर सांगितलं नाहीत म्हणून. दोघांचं जमलं पुन्हा.

तुम्ही मेसेज परत पाठवा, खाली दोन ओळी घाला आणि दुकानाचा हिशेब नेहमीसारखा करा. मनातलं सांगायची घाई नको. त्याला साडेसहा महिने लागले होते, तुमचे पंधराच दिवस झालेत.