सेंट जॉन्सला यायच्या आधी

तू विचारलंस, "ताई, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून बी.एफ.एस्सी. झाले, चार वर्षं रत्नागिरीत मासळीच्या कारखान्यात क्वालिटी बघतेय. आता कॅनडात, न्यूफाउंडलंड बेटावरच्या सेंट जॉन्स शहरात, मरीन इन्स्टिट्यूटला शिकायला जायचंय. नवरा आणि सात वर्षांचा मुलगा बरोबर. जाऊ का?" तीन दिवस हा प्रश्न डोक्यातून जात नाही. अकरा वर्षांपूर्वी मी हाच विचारला होता. व्हिसा, फी, बँकेतले पैसे हे सगळं सरकारी पानावर वाच. ते मी सांगत बसत नाही.

शिक्षण चांगलं आहे, त्यात शंका नको. संस्थेत सुमारे १७ लाख लिटर पाण्याची एक प्रचंड टाकी आहे. पाणी वाहतं ठेवतात, त्यात जाळ्याचं छोटं मॉडेल सोडतात आणि काचेमागून आपण बघायचं. काकांची नौका रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात, त्यामुळे जाळी माझ्या जन्माची ओळखीची, पण ती कायम वरून बघितलेली. पाण्यात तिचं तोंड कसं उघडतं, लहान मासा कुठून निसटू शकतो, हे मला तिथे पहिल्यांदा दिसलं. त्या दिवशी वाटलं, आलो ते बरं झालं.

इथे यायचं तर कॉड या माशाची गोष्ट नीट समजून ये. २ जुलै १९९२ ला सरकारने इथल्या समुद्रातल्या कॉडची, नॉर्दर्न कॉडची, मासेमारी थांबवली. दोन वर्षांसाठी म्हणाले आणि बंदी उठली २०२४ मध्ये. सुमारे तीस हजार माणसांचं काम गेलं. किनाऱ्याजवळ मारणारे मच्छीमार आधी कितीतरी वर्षं सांगत होते की मासा कमी झालाय, बारीक झालाय. शास्त्रज्ञांचे आकडे मोठ्या ट्रॉलरच्या पकडीवर आणि सर्वेक्षणांवर उभे होते, आणि ते फार जास्त निघाले. ट्रॉलर जिथे मासा गोळा झालेला असतो तिथेच जातो, म्हणून त्याची जाळी शेवटपर्यंत भरलेली दिसली. आपला तांडेल, म्हणजे नौकेवरचा प्रमुख, बांगड्याबद्दल काही सांगतो तेव्हा आपण अहवालात किती लिहून घेतो, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं. माझ्या अहवालांत एक ओळसुद्धा नव्हती.

आता कामाचं. कॉड गेल्यावर इथला धंदा खेकड्यावर आणि कोळंबीवर उभा राहिला. गावांतली तरुण मुलं कॅनडाच्या पश्चिमेला अल्बर्टा प्रांतात तेलाच्या कामावर गेली, कारखान्यात उरली ती पन्नाशी-साठीची माणसं. म्हणून बाहेरून हात आणतात. "मनुष्यबळ विकास" हा शब्द प्रत्येक सभेत ऐकशील. पण स्थायी होण्यासाठी नेहमीच्या वाटेने जायचं तर कुशल कामाचे १,५६० तास लागतात, आणि लाइनवर खेकडा फोडण्याचं काम त्यात धरत नाहीत. खेकड्याचा हंगाम वसंतात सुरू होतो, उन्हाळ्यात संपतो, मग घरी बसा. मी तंत्रज्ञ होते तरी तास जुळवताना नाकी नऊ आले. वर रत्नागिरीतल्या माझ्या जुन्या मालकाचं पत्र, "काम समाधानकारक", एवढंच. कामाचं स्वरूप नाही, आठवड्याचे तास नाहीत. अर्ज परत आला. दुसरं पत्र मागितलं तेव्हा पावसाळी मासेमारी बंदी चालू होती आणि कार्यालयात फोन उचलायला माणूस नव्हता. त्यात आठ महिने गेले, आणि त्याची चीड आजही जात नाही. तुझं पत्र आजच घे, तास आणि कामं लिहून, शिक्क्यासकट.

खेकडा शिजवतात तिथल्या वाफेने दमा होऊ शकतो, हेही ऐकून ठेव. इथल्या विद्यापीठाने त्यावर मोठं काम केलंय. खोकला सुट्टीच्या दिवशी कमी आणि कामावर जास्त होत असेल तर तो सर्दीचा आहे असं धरू नकोस. मी एक अख्खा हंगाम तो सर्दीवर घालवला, कारण मध्येच बसले तर तास कमी भरले असते.

एकटेपणा येतो. काम असलं की जातो. त्याबद्दल आणखी काही नाही.

मुलाच्या शाळेबद्दल लिहायचं नव्हतं, पण तुझा मुलगा सात वर्षांचा आहे. माझा तेव्हा सहाचा. एका खाडीकाठच्या गावातली शाळा, बाई प्रेमळ. त्याला चित्रं दाखवून शब्द विचारले. मूस, म्हणजे इथलं मोठं हरीण, दाखवला, तो म्हणाला म्हैस. बर्फावरची घसरगाडी दाखवली, म्हणाला होडी. लॉबस्टर दाखवला तेव्हा त्याने लगेच सांगितलं, "शेवंड." मच्छीमारांच्या गावात, मच्छीमारांच्या घरातल्या पोराने बरोबर उत्तर दिलं, आणि त्याच्यापुढे फुली पडली. शब्दसंपत्ती कमी, म्हणून वेगळा वर्ग. दोन वर्षं त्याला विज्ञानाच्या तासाला उठवून तिकडे नेत. त्या वर्गाच्या संमतीच्या कागदावर सही माझी आहे. त्या दुपारी खेकड्याच्या नौका लागल्या होत्या, मला कारखान्यात कामावर पोचायचं होतं. मी वाचलं नाही. आता तो सतराचा आहे, हुशार आहे, पण एखादा शब्द बोलायच्या आधी अजून क्षणभर थांबतो.

रात्री मला आमच्या नौकेवरचे नेपाळी खलाशी आठवतात. एक जण सात हंगाम आमच्याकडे होता. जाळं कसं धरतो, भात किती खातो, सगळं घरात ठाऊक. त्याला मुलं किती, शाळेत जातात का, हे आमच्यातल्या कुणीही विचारलं नाही. मीही नाही, आणि मी तर मत्स्य महाविद्यालयात शिकत होते.

इथलं घड्याळ अर्ध्या तासाच्या फरकाचं आहे, आपल्यासारखंच. त्यामुळे मिनिटकाटा दोन्हीकडे एकाच जागी असतो, उन्हाळ्यात आठ तासांचं अंतर, हिवाळ्यात नऊ. आई फोनवर "साडेसात झाले" म्हणते तेव्हा इथेही साडेच वाजलेले असतात, साडेदहा नाहीतर साडेअकरा. ते ऐकलं की मी थोडा वेळ बोलत नाही.

ये. पण मुलाला आत्तापासून मूस, हातमोजे, बर्फ काढायची गाडी यांची चित्रं दाखव. तपासायला बसवतील तेव्हा शेजारी बस, आणि तो मराठीत बोलला तर तिथल्या तिथे सांग की उत्तर बरोबर आहे. कागद पुढे केला तर म्हण, घरी नेते, उद्या आणते. देतात. मी मागितला नव्हता.