स्क्वॉट मारताना किती खाली बसायचं?

प्रश्न : सर, मी २६ वर्षांचा आहे, नागपूरला मानेवाड्यात राहतो. दीड वर्ष झालं जिम करतो, स्क्वॉटला (खांद्यावर बार घेऊन उठबस) ८० किलोपर्यंत आलो. आमचे ट्रेनर म्हणतात ९० डिग्रीच्या खाली जायचंच नाही, गुडघे जातात. मित्र म्हणतो पूर्ण बसल्याशिवाय तो स्क्वॉटच नाही. मी खाली जायला गेलो की टाचा उचलतात अन् कमर गोल होते. कोणाचं ऐकू?

उत्तर : भाऊ, आधी गुडघ्याची भीती काढ. ती बरीच जुनी आहे, १९६१ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या कार्ल क्लाइन यांनी मांडलं की खोल स्क्वॉटने गुडघ्याचे लिगामेंट (हाडं जोडून ठेवणारे पट्टे) सैल होतात आणि ते जगभर पसरलं, पण नंतरच्या अभ्यासांत ते टिकलं नाही. निरोगी गुडघ्याला खाली बसणं काही नवीन नाही, आपल्याकडे आखाड्यातले पैलवान शेकडो बैठका मारतात आणि त्यात गुडघा पंजाच्या कितीतरी पुढे जातो. आता बैठकीत खांद्यावर ८० किलो नसतात हेही खरं, म्हणून वजन हळूहळूच वाढवायचं. गुडघा दुखावतो तो खाली धपकन पडून उसळी मारल्याने आणि झेपत नसलेल्या वजनाने.

मग किती खाली? पॉवरलिफ्टिंगचा, म्हणजे जास्तीत जास्त वजन उचलायच्या स्पर्धेचा नियम आहे की मांडी जिथे कंबरेला मिळते तिथला वरचा भाग गुडघ्याच्या वरच्या भागापेक्षा खाली गेला पाहिजे. तुला स्पर्धा खेळायची नसेल तरी तिथपर्यंत जायचा प्रयत्न कर, कारण खालपर्यंत गेलं की नितंबांना अन् मांडीच्या आतल्या स्नायूंना जास्त काम लागतं. पण तुझी आजची हद्द तुझी कमर ठरवेल. खाली जाताना जिथे कमर गोल व्हायला लागते त्याच्या दोन बोटं वर थांब, ती तुझी आजची खोली. प्रत्येकाच्या मांडीचं हाड आणि खुब्याची ठेवण वेगळी असते, लांब मांडीवाल्याला पुढे जास्त वाकावंच लागतं, त्यामुळे मित्राशी तुलना करू नको.

तुझा खरा घोळ मला घोट्यात वाटतो. अनवाणी भिंतीसमोर उभा राहा, पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटीमीटर ठेव आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकव. नाही टेकला तर घोटा आखडलाय. दुसरं, दाराची चौकट धरून उकिडवा बस. धरून टाच खाली राहत असेल अन् कमरही सरळ असेल तर खुबे मोकळे आहेत, काम घोट्यावर अन् तोलावरच करायचंय. रोज चौकट धरून दोन-तीन मिनिटं तसंच बसत जा, घरी टीव्ही पाहतानाही चालते. तोपर्यंत टाचांखाली अडीच किलोची एकेक प्लेट ठेव, लगेच फरक दिसेल. आणि ते मऊ सोलचे रनिंग शूज स्क्वॉटला घालू नको, पाय डगमगतो, त्यापेक्षा साधे सपाट कॅनव्हासचे बरे.

वजन मात्र उतरवावं लागेल. ४० किलोवर ये, खाली दोन सेकंद थांबून ५-५ चे चार सेट मार आणि रॅकचे सेफ्टी पिन (बार अडवणारे आडवे दांडे) तुझ्या सगळ्यात खालच्या पोझिशनच्या एक छिद्र खाली लाव, अडकलास तर बार तिथे ठेवता येतो. मोबाईल कंबरेच्या उंचीवर ठेवून बरोबर बाजूने शूट कर, समोरच्या आरशात खोली कळतच नाही. असं आठवड्यातून दोनदा केलं आणि प्रत्येक रेप (एक पूर्ण उठबस) सारख्याच खोलीचा आला तरच अडीच किलो वाढव.

तुझ्या ट्रेनरचा हेतू वाईट नाही, त्यांना हा व्हिडिओ दाखव अन् बोल. गुडघ्याला सूज असेल, मध्येच अडकत असेल किंवा दुसऱ्या दिवशीही टोचत असेल तर मात्र स्क्वॉट बंद आणि आधी ऑर्थोपेडिकला दाखव.