देवानं दोन उत्तरं दिली, आता जामीन राहू का?

प्रश्न : ताई, सप्रेम सलाम. मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग जुळवणं-दुरुस्त करणं माझ्याकडे. मेहुण्याला चार जुने यंत्रमाग घ्यायचेत. सहा लाखांच्या कर्जाला मी जामीन राहावं म्हणतो. "दाजी, सही तेवढी करा की." मी उपास करून ज्ञान मागितलं आणि डोळे मिटून बायबल उघडलं. मत्तय ५:४२ निघालं, मागणाऱ्याला दे. दुसऱ्या दिवशी नीतिसूत्रे ६ निघालं, जामीन झालास तर स्वतःच्याच शब्दांत सापडलास. कुठलं उत्तर देवाचं धरू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : भाऊ, सलाम. वचनं दोन्ही देवाचीच, रीत तेवढी चुकली. माझं बायबल डोळे मिटून उघडलं की हटकून तेविसावं स्तोत्र निघतं. तिथली शिवण सैल झालीय, दुसरं काही नाही.

ज्ञान कमी पडलं तर देवाजवळ मागा, तो दोष न लावता देतो, असं याकोब १:५ सांगतं. ते चिठ्ठी काढल्यासारखं हातात पडेल असं नाही सांगत. शलमोन राजाला गिबोनात देवानं 'माग' म्हटलं (१ राजे ३), तेव्हा त्यानं मागितलं ते मूळ हिब्रूत 'ऐकणारं मन' आहे. लगेच दोन बायका एका बाळावरून भांडत आल्या. त्यानं दोघींचं पुरतं ऐकलं, हिचं म्हणणं हे आणि तिचं ते, असं बोलून दाखवलं, आणि मग बाळाचे दोन वाटे करायला तलवार मागवली. आपल्या लक्षात राहते ती तलवारच.

तुम्ही मेहुण्याचं ऐकलंत. बायको काय म्हणते? तुमच्या पत्रात ती कुठंच नाही, आणि भाऊ तर तिचा आहे.

आता वचनं. मत्तयात प्रभू बोलतो ते हातात असलेलं देण्याबद्दल. नीतिसूत्रांतला इशारा आहे तो हातात नसलेल्याची हमी देण्याबद्दल. २२:२७ वाचा, फेडायला काही नसलं तर अंगाखालचं अंथरूण काढून नेतील. चादरींच्या गावात हे उलगडून सांगायला नको. तरी जामीन राहणं म्हणजे पाप नव्हे. तुझा दास अनेसिम याचं काही देणं असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन, असं पौलानं फिलेमोनाला स्वहस्ते लिहून दिलं. त्याची ती 'सही तेवढी' नव्हती.

कायद्यातही नसते. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८ : करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी मेहुण्याला गाठतील, मग माझ्याकडे येतील, या भरवशावर राहू नका.

मी राहिले होते. शाळेत शिकवत असताना सोबतच्या एका बाईंना पतसंस्थेत जामीन झाले. आदल्या रात्री प्रार्थनाही केली. खरं म्हणजे सही करायचं पक्कं करून मगच गुडघे टेकले होते. फॉर्म वाचलाच नाही. बावीस महिने माझ्या पगारातून हप्ता कापला गेला. त्या बाई अजून चर्चमध्ये भेटतात. आमचं बोलणं लवकर संपतं.

तेव्हा 'सही करू का' असं देवाला विचारू नका. 'सहा लाख मलाच भरावे लागले तर भरीन का, आणि भरताना मेहुण्याचा राग करीन का' हे त्याच्यापुढं मांडा, बायकोला शेजारी बसवून. दोघांच्याही मनाला ते झेपत नसेल तर जामीन राहू नका. जमेल तेवढी रक्कम हातउसनी द्या, परत येणार नाही असं धरून. मत्तय ५:४२ लागू पडतं ते इथं.

आणखी एक. निर्गम ३१ मध्ये बसालेल नावाच्या कारागिराला देवानं ज्ञान दिलं ते हातांच्या कामाचं. तुम्ही जॉबर आहात. माग कुठं झिजलाय हे तुम्हाला नुसत्या आवाजावरून कळत असेल. ते चार माग तुम्ही चालवून बघितलेत का? पत्रात तसं काही नाही. येत्या रविवारी उपासना झाली की मेहुण्याला घेऊन तिकडे जा.